चारशे सामने खेळून मग शिट्टी

प्रश्न : क्रिकेटमध्ये व्यंकटराघवन, कुमार धर्मसेना असे नावाजलेले खेळाडू पुढे पंच झाले. फुटबॉलमध्ये असं का दिसत नाही? आमच्याकडे शाहू स्टेडियमवर रेफरीने फाउल दिला की गॅलरीतून हमखास आवाज येतो, "कधी फुटबॉल खेळलाईस काय रं?" खरंच कुणी व्यावसायिक फुटबॉलपटू रेफरी झालाय का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : झालाय. त्याचं नाव स्टीव्ह बेन्स. कोल्हापूरच्या भाषेत सांगायचं तर हा स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू. जन्म १९५४, इंग्लंडमधल्या नुअर्क गावचा. नॉटिंगहॅम फॉरेस्टमध्ये त्याची सुरुवात झाली, पण तिथे जेमतेम दोन लीग सामने मिळाले. मग हडर्सफील्ड टाउन, ब्रॅडफर्ड सिटी, वॉल्सॉल, मध्ये काही दिवस बरी, मग स्कनथॉर्प युनायटेड आणि शेवटी चेस्टरफील्ड. ही नावं आपल्याकडे रात्री जागून सामने बघणाऱ्यांनाही फारशी ठाऊक नसतात. तिसऱ्या-चौथ्या श्रेणीतले हे क्लब. थंडीत चिखलाची मैदानं, पाच-सात हजार प्रेक्षक, उंच टोलवलेले चेंडू आणि त्याखाली एकमेकांना भिडणारी डोकी. अशा फुटबॉलमध्ये बेन्सने चारशेहून अधिक लीग सामने काढले. १९८४-८५ मध्ये चेस्टरफील्डने चौथी श्रेणी जिंकली, तेव्हा तो त्या संघात होता.

१९८७ मध्ये त्याचं लीगमधलं खेळणं थांबलं. १९९५ मध्ये तो त्याच लीगमध्ये परतला तो रेफरी म्हणून, आणि २००३ पर्यंत तिथे शिट्टी वाजवत राहिला. एवढे सामने खेळून मग त्याच लीगमध्ये रेफरी झालेला दुसरा माणूस आधुनिक काळात इंग्लंडमध्ये नाही.

तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर या तीन सालांतच आहे. खेळ थांबला तेव्हा बेन्स ३३ वर्षांचा होता. लीगचा रेफरी होईपर्यंत ४१ वर्षांचा झाला. आणि त्या काळी इंग्लंडमध्ये रेफरीला अठ्ठेचाळिशीच्या सुमारास थांबावंच लागे. म्हणजे वर चढायला आठ वर्षं गेली आणि वर पोचल्यावर मिळाली तीही आठच.

वर चढायला एवढा वेळ का लागतो? रेफरीची वाट खेळाडूच्या वाटेपासून पूर्ण वेगळी आहे आणि ती सगळ्यांना तळापासूनच चढावी लागते. आधी परीक्षा, मग शाळकरी मुलांचे आणि रविवारच्या हौशी संघांचे सामने. तिथे लाइनमनसुद्धा मिळत नाहीत, ऑफसाइड आपलं आपणच बघायचं. मग जिल्ह्याच्या लीग, मग अर्धव्यावसायिक लीग, मग मोठ्या लीगमध्ये आधी लाइनमन म्हणून झेंडा धरायचा आणि सगळ्यात शेवटी शिट्टी. प्रत्येक पायरीवर निरीक्षक येऊन बसतो, गुण देतो. बढती मिळालीच तर वर्षाला एक पायरी. या वाटेवर तुम्ही चारशे सामने खेळलात की चार, याला फारशी किंमत नव्हती. कालपर्यंत हजारो लोकांसमोर खेळलेल्या माणसाने उद्या सकाळी सार्वजनिक बागेत बारा वर्षांच्या मुलांच्या सामन्याला उभं राहायचं आणि टचलाइनवरच्या पालकांचा आरडाओरडा ऐकायचा. बेन्सने ते केलं. बहुतेक जण करत नाहीत, आणि त्यांना दोष द्यावा असं मला वाटत नाही.

पैशाचाही प्रश्न आहे. इंग्लंडमध्ये वरच्या श्रेणीच्या रेफरींना पूर्णवेळ पगार मिळायला लागला २००१ मध्ये. त्याआधी सगळे पोटापाण्याचं काम सांभाळून शनिवारी शिट्टी वाजवायचे. १९७४ च्या वर्ल्ड कप फायनलचा रेफरी जॅक टेलर वुल्व्हरहॅम्प्टनमध्ये खाटीक होता. निवृत्त खेळाडूला घर चालवायचं असतं. त्याच्यासमोर प्रशिक्षक होण्याचा, टीव्हीवर बोलण्याचा, स्काउट म्हणून हिंडण्याचा पर्याय असताना तो सामन्यागणिक मिळणाऱ्या तुटपुंज्या मानधनावर आठ वर्षं का काढेल?

आता क्रिकेटकडे बघा. इंग्लंडच्या काउंटी क्रिकेटमध्ये पंचांच्या यादीत पहिल्यापासून जुन्या खेळाडूंचाच भरणा. डिकी बर्ड यॉर्कशायर आणि लेस्टरशायरकडून खेळला आणि मग पंच झाला. व्यंकटराघवन १९८३ पर्यंत कसोटी खेळले, १९९३ मध्ये कसोटी पंच झाले आणि पुढे ७३ कसोट्यांत उभे राहिले. धर्मसेना तर १९९६ ची वर्ल्ड कप फायनल खेळला आणि २०१५ च्या फायनलला पंच होता. त्यांचं कौतुक आहेच. पण क्रिकेटच्या पंचाला धावावं लागत नाही. नजर, कान आणि एकाग्रता शाबूत असली की साठीपर्यंत उभं राहता येतं. फुटबॉलचा रेफरी एका सामन्यात दहा-बारा किलोमीटर पळतो. तेही सरळ रेषेत नाही. थांबायचं, वळायचं, उलट पावली जायचं, एकदम वेग घ्यायचा. स्टॉपर म्हणून पंधरा वर्षं हेडर आणि टॅकल केलेल्या माणसाचे गुडघे आणि घोटे पस्तिशीत कसे असतात हे तालमीच्या कुठल्याही जुन्या खेळाडूला विचारा.

गंमत अशी की सुरुवातीला चित्र उलटं होतं. इंग्लंडमध्ये पहिल्या एफए कपची फायनल १८७२ मध्ये झाली. त्यातल्या एका संघाचा कर्णधार चार्ल्स अल्कॉक पुढे १८७५ आणि १८७९ च्या फायनलला रेफरी होता. दुसऱ्या संघाचा कर्णधार मेजर मॅरिंडिन. त्याने तर १८८४ ते १८९० पर्यंत सलग फायनल सांभाळल्या. तेव्हा रेफरी मैदानाबाहेर असायचा. मैदानात दोन्ही संघांचा एकेक पंच असे आणि खेळाडूंनी अपील केल्यावरच निर्णय व्हायचा, अगदी क्रिकेटसारखं. १८९१ मध्ये रेफरी मैदानात आला आणि सगळा अधिकार त्याच्याकडे गेला. त्याआधीच, १८८५ मध्ये, पैसे घेऊन खेळणं अधिकृत झालं होतं. माझ्या मते फाटा तिथे फुटला. अल्कॉक आणि मॅरिंडिन हे हौशी, सुखवस्तू लोक. खेळणं, संघटना चालवणं आणि निवाडा करणं, तिन्ही त्यांच्याच हातात. पगारी खेळाडू मात्र क्लबचा नोकर. मालक मंडळींच्या खेळात नोकराने निवाडा करावा हे त्या समाजाला पचणारं नव्हतं. पुढे ती भिंत गेली, पण दोन वाटा वेगळ्या झाल्या त्या झाल्याच.

अलीकडे संघटनांनाही हे जाणवलंय. २०२३ मध्ये इंग्लंडमध्ये खेळाडूंची संघटना, फुटबॉल असोसिएशन (एफए) आणि रेफरींची संस्था यांनी मिळून माजी व्यावसायिक खेळाडूंना लवकर वर आणण्याची योजना सुरू केली. फ्रान्समध्ये बास्तियाकडून पहिल्या श्रेणीत खेळलेला बचावपटू गाएल अँगुला शिट्टी घेऊन पुन्हा व्यावसायिक सामन्यांत पोचला. त्यामुळे बेन्सचं उदाहरण कायम एकटं राहील असं वाटत नाही.


प्रश्न : पण खेळलेला रेफरी जास्त अचूक निर्णय देतो का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : सरसकट होय म्हणता येणार नाही. आधी त्याला बरंच विसरावं लागतं.

खेळाडूला नियम पाठ असतात हा मोठा गैरसमज आहे. त्याला ड्रेसिंगरूममधले नियम पाठ असतात. 'मी आधी चेंडू घेतला, मग फाउल कसा?' हे वाक्य प्रत्येक बचावपटूच्या तोंडी असतं. नियम बघतो ते टॅकल निष्काळजी होता का, बेदरकार होता का, की त्यात जरुरीपेक्षा जास्त जोर होता. चेंडूला पाय लागला म्हणून पुढचं सगळं माफ होत नाही. तसंच 'शेवटचा माणूस होता, म्हणजे रेड कार्ड' असा नियम कुठेच नाही. गोलची स्पष्ट संधी हिरावली का, हा प्रश्न असतो. त्यासाठी गोलपासूनचं अंतर, खेळ कुठल्या दिशेला चालला होता, चेंडू ताब्यात राहण्याची किंवा येण्याची शक्यता किती, आणि आजूबाजूला बचावपटू किती आणि कुठे, हे सगळं एका क्षणात बघायचं असतं. पंधरा वर्षं उलट बाजूने भांडलेल्या माणसाला हे नव्याने शिकावं लागतं.

पाय तर मनापेक्षाही हट्टी. खेळाडूचे पाय चेंडूकडे ओढले जातात. रेफरीने मात्र चेंडूच्या वाटेतून बाजूला राहायचं असतं. स्टॅन्ली राउस हा १९३४ च्या एफए कप फायनलचा रेफरी, पुढे फिफाचा अध्यक्ष झाला. त्याने रुजवलेल्या पद्धतीत रेफरी मैदानाच्या एका कोपऱ्याकडून समोरच्या कोपऱ्याकडे तिरका पळतो आणि दोन लाइनमन उरलेल्या बाजू सांभाळतात. त्यामुळे खेळ कायम रेफरी आणि लाइनमनच्या मध्ये राहतो, दोघांना दोन बाजूंनी दिसतो. जो मिडफिल्डला खेळलाय त्याला पास कुठे जाणार हे कळतं आणि नेमका तो तिथेच जाऊन उभा राहतो. आणि २०१९ पासून चेंडू रेफरीला लागून दुसऱ्या संघाकडे गेला किंवा त्यातून धोकादायक हल्ला सुरू झाला, तर खेळ थांबवून ड्रॉप बॉल द्यावा लागतो.

मग खेळल्याचा फायदा कुठे? मला तो दोन ठिकाणी दिसतो. एक, कॉर्नर किकच्या वेळी. चेंडू हवेत यायच्या आधी पेनल्टी बॉक्समध्ये जे चालतं ते टीव्हीवर नीट दिसत नाही. एक जण समोरच्याच्या शर्टचं टोक मुठीत धरतो. दुसरा त्याच्या पावलावर पाय ठेवतो, म्हणजे उडीच मारता येणार नाही. तिसरा गोलकीपरच्या समोर पाठ करून उभा राहतो आणि कोपर मागे सरकवतो. बेन्ससारख्या माणसाने आयुष्यभर हे केलेलं आणि सोसलेलं. चेंडू मारण्याआधी कुठल्या जोडीकडे बघायचं हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही.

दुसरा फायदा म्हणजे राग ओळखणं. कुणाला वाईट टॅकल बसला की पुढच्या पाच-दहा मिनिटांत त्याची परतफेड होणार हे खेळलेल्याला माहीत असतं. तो चेंडू सोडून त्या माणसावर नजर ठेवतो, जाता जाता एक शब्द बोलतो आणि पुष्कळदा तेवढ्याने भागतं.

पण हीच समज कधी कधी महागात पडते. बॉब मॅथ्यूसनचं उदाहरण घ्या. तो बोल्टन वाँडरर्सकडून मोजके लीग सामने खेळलेला व्यावसायिक खेळाडू. पुढे रेफरी झाला आणि मोठा रेफरी झाला. १९७७ ची एफए कप फायनल त्याच्याकडे होती. मँचेस्टर युनायटेडने लिव्हरपूलला २-१ ने हरवलं ती. पण लोकांना तो आठवतो १९७४ च्या चॅरिटी शील्डमुळे. वेम्बलीवर लीड्स आणि लिव्हरपूल समोरासमोर. त्या सामन्यात लीड्सच्या जॉनी जाइल्सने लिव्हरपूलच्या केव्हिन कीगनला हाताने मारलं. मॅथ्यूसनने त्याचं नाव वहीत लिहिलं, त्याला बाहेर काढलं नाही. दुसऱ्या हाफमध्ये कीगन आणि लीड्सचा कर्णधार बिली ब्रेमनर एकमेकांवर धावून गेले, ठोसे चालले. इंग्लंडच्या लीगमध्ये कार्डं आली ती १९७६ मध्ये. तेव्हा खिशातून लाल कार्ड निघायचा प्रश्नच नव्हता. मॅथ्यूसनने दोघांना तोंडीच मैदानाबाहेर जायला सांगितलं. बाहेर जाताना दोघांनी अंगातले शर्ट काढून फेकले. वेम्बलीवर मैदानाबाहेर काढले गेलेले हे पहिले ब्रिटिश खेळाडू. दोघांना प्रत्येकी ११ सामन्यांची बंदी आणि ५०० पौंड दंड झाला.

त्या सामन्याबद्दल माझं मत असं : जाइल्सला बाहेर काढला असता तर पुढचं कदाचित घडलंच नसतं. मॅथ्यूसन स्वतः खेळलेला होता. 'खेळात असं होतं' ही भावना त्याच्या मनात आली असेल तर मला नवल वाटणार नाही. जो कधीच खेळला नाही तो कदाचित नियमावर बोट ठेवून मोकळा झाला असता. पुढे दोघांना एकदम बाहेर काढायला मात्र त्याने मागेपुढे पाहिलं नाही, तेही वेम्बलीवर, देशातल्या दोन सगळ्यात लाडक्या खेळाडूंना. त्यासाठी लागणारी छाती खेळून येते की रेफरी म्हणून कमवावी लागते, मला वाटतं दुसरंच खरं.


प्रश्न : वर्ल्ड कपच्या अंतिम सामन्याला कुणी माजी खेळाडू रेफरी होता?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : १९५० मध्ये रिओच्या माराकाना मैदानावर उरुग्वेने ब्राझीलला २-१ ने हरवलं त्या निर्णायक सामन्याचा रेफरी जॉर्ज रीडर. हा एक्झिटर सिटी आणि साउथॅम्प्टनकडून थोडे सामने खेळला, मग शिक्षक झाला, शाळेचा मुख्याध्यापक झाला. त्या सामन्याच्या दिवशी तो ५३ वर्षांचा होता. वर्ल्ड कपच्या सामन्यात त्याच्याहून वयस्कर रेफरी झालेला नाही. पुढे तो साउथॅम्प्टन क्लबचा अध्यक्ष झाला आणि १९७६ मध्ये क्लबने एफए कप जिंकला तेव्हाही तोच अध्यक्ष होता. अलीकडे २०२२ ची फायनल सांभाळणारा पोलंडचा शिमॉन मार्चिनियाकसुद्धा तरुणपणी खेळाडूच होता. एका सामन्यात रेड कार्ड मिळाल्यावर तो रेफरीशी भांडला आणि त्या रेफरीने त्याला 'तूच करून बघ' म्हणून आव्हान दिलं, तिथून तो या वाटेला लागला.


प्रश्न : मी जिल्हा लीगमध्ये खेळतो. वय २८. रेफरी व्हायचं मनात आहे. खेळणं पूर्ण थांबल्यावर सुरुवात करू का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : थांबू नका. याच वर्षी सुरुवात करा. बेन्सची सालं पुन्हा वाचा. आठ वर्षं चढण्यात जातात हे धरून चाललात तर पस्तिशीनंतर सुरू केल्यावर हाती फार काही उरत नाही. जिल्हा संघटनेकडे रेफरींच्या परीक्षेची चौकशी करा आणि तोवर खेळाचे सतराही नियम मूळ पुस्तकातून वाचा, ऐकीव नकोत. मोसमात तुमच्या संघाचा सामना नसेल त्या दिवशी मुलांच्या सामन्याला शिट्टी घेऊन उभे राहा. दोन्ही कामं काही वर्षं एकत्र चालू शकतात, फक्त स्वतःच्या संघाचा आणि प्रतिस्पर्ध्यांचा सामना घेऊ नका.

शारीरिक चाचणीची तयारी वेगळी करावी लागेल, सरावात पळता तेवढ्यावर विसंबू नका. वरच्या पातळीवर काय लागतं याची कल्पना यावी म्हणून फिफाची पुरुष रेफरींची चाचणी सांगतो. आधी ४० मीटरच्या सहा धावा, प्रत्येक सहा सेकंदांच्या आत. मग ७५ मीटर १५ सेकंदांत पळायचं, पुढचे २५ मीटर १८ सेकंदांत चालायचं, आणि हे ४० वेळा. म्हणजे एकूण चार किलोमीटर. मैदानावर खुणा करून, शिट्टी लावून, आठवड्यातून एकदा याच्या निम्म्या फेऱ्यांपासून सुरू करा.

आपल्या आसपासच्या उदाहरणांत मला गोव्याच्या दोघी महत्त्वाच्या वाटतात. मारिया रिबेलो भारताच्या महिला संघाची कर्णधार होती, मग रेफरी झाली आणि पुरुषांच्या सामन्यांतही तिने शिट्टी वाजवली. युवेना फर्नांडिस गोव्याकडून खेळायची. ती फिफाची सहायक रेफरी झाली आणि २०१६ मध्ये जॉर्डनला झालेल्या १७ वर्षांखालील मुलींच्या वर्ल्ड कपमध्ये तिने झेंडा धरला. तमिळनाडूतल्या दिंडिगुलची रूपा देवी भारताकडून खेळून फिफाची रेफरी झाली. त्या काळात आपल्याकडे महिला फुटबॉलमध्ये खेळून पोट भरण्याची सोय जवळजवळ नव्हतीच. अशा वेळी शिट्टी हीच मोठ्या मैदानावर टिकून राहण्याची वाट होती, आणि ती या तिघींनी लवकर धरली. तुमच्या लीगमध्ये कुणी मुलगी खेळत असेल आणि तिला नियमांची आवड असेल तर परीक्षेचा अर्ज भरताना तिलाही सोबत न्या.